समुद्रातील खाण आणि स्त्रियांची नोकरी

खाण म्हटली की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर चंद्रपूर-वणीकडील कोळसा किंवा गोव्यातील तांबडी माती उभी राहते. १९५२ च्या खाण कायद्याने मात्र खाणीची जी व्याख्या केली, तीत तेलविहिरींचाही समावेश होता. त्यामुळे मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर भर समुद्रात उभे असलेले मुंबई हायचे प्लॅटफॉर्म कायद्याच्या दृष्टीने खाणीच ठरले. आणि स्त्रियांनी खाणीत कोठे व केव्हा काम करावे यासंबंधीची सारी बंधने लाटांवरून तेथवर जाऊन पोचली.

या खाणीशी नवी मुंबईचा संबंध जुना आहे. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ने तेथे पहिली विहीर खोदावयास घेतली, २१ मे १९७६ रोजी उत्पादन सुरू झाले, आणि सिडकोचे नवे शहर आकार घेत होते त्याच काळात उरणचा तेल-वायू प्रकल्प, न्हाव्याचा पुरवठा तळ व पनवेलच्या संशोधन संस्था उभ्या राहिल्या. समुद्रावर लागणारे सामानसुमान न्हाव्याहून बोटीने जाते, माणसे जुहूच्या विमानतळावरून हेलिकॉप्टरने जातात. चौदा दिवस तेथेच राहायचे, रोज बारा तास काम करायचे आणि मग चौदा दिवस घरी यायचे, असा तेल व नैसर्गिक वायू महामंडळातील या नोकरीचा सर्वसाधारण क्रम आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात पर्थहून विमानाने लोखंडाच्या खाणींवर जाणारा आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी परतणारा कामगार ज्या पद्धतीने जगतो, तीच ही पद्धत. तेथे खाली वाळवंट असते, येथे पाणी, एवढाच फरक.

या नोकरीकडून स्त्रियांनी काय अपेक्षा ठेवावी, हा प्रश्न आता केवळ वादसभेतला राहिलेला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता देशात अमलात आल्या. त्यांतील व्यावसायिक सुरक्षिततेच्या संहितेने १९५२ चा खाण कायदा आपल्या पोटात घेतला असून सर्व आस्थापनांत सर्व प्रकारचे काम करण्याचा हक्क स्त्रियांना असल्याचे तिच्या ४३ व्या कलमाने स्पष्ट केले आहे. सकाळी सहापूर्वी व सायंकाळी सातनंतरही स्त्रीच्या संमतीने तिला काम देता येईल. जुन्या कायद्याचे ४६ वे कलम नेमके याच्या उलट होते. जमिनीखाली स्त्रियांना पूर्ण मज्जाव आणि जमिनीवर फक्त सकाळी सहा ते सायंकाळी सात एवढीच मुभा. ज्या ठिकाणी विहीर चोवीस तास वाहते आणि माणसे बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत विभागलेली असतात, तेथे या कलमाचा अर्थ असा होता की निम्मे काम स्त्रीला मुळातच वर्ज्य आहे. निम्मे काम जिला देता येत नाही तिला नेमायचे कशाला, असा हिशेब कोणताही व्यवस्थापक करणारच, आणि तो बरीच वर्षे केला गेला.

ही बंधने स्त्रीच्या हितासाठी होती असे सांगण्याचा प्रघात आहे. इतिहास थोडा निराळा आहे. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात भारतातील कोळसा खाणींत जोडप्याने काम करण्याची पद्धत होती. पुरुष कोळसा फोडी आणि स्त्री तो टोपलीत भरून वाहून नेई. १९२९ च्या नियमांनी स्त्रियांना टप्प्याटप्प्याने भुयारातून बाहेर काढण्यास आरंभ झाला आणि १९३७ मध्ये बंदी पूर्ण झाली. मध्यंतरी, १९३५ साली, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनेही तसाच ठराव केला व भारताने तो १९३८ मध्ये मान्य केला. पुढे महायुद्ध पेटले, कोळसा कमी पडू लागला, तेव्हा १९४३ मध्ये ही बंदी उठविण्यात आली आणि युद्ध संपताच १९४६ मध्ये ती पुन्हा घालण्यात आली! म्हणजे स्त्रीच्या प्रकृतीला भुयार मानवते की नाही, हे कोळशाच्या टंचाईवरून ठरत होते. बाहेर काढलेल्या स्त्रियांच्या मजुरीची भरपाई कोणी केली नाही. घरातील दोन मजुऱ्यांची एक झाली इतकेच. श्रम संघटनेने १९३५ चा तो ठराव २०२४ च्या जूनमध्ये अधिकृतपणे रद्द केला.

भारतात दार प्रथम किलकिले झाले ते २०१९ च्या आरंभी. केंद्रीय श्रम मंत्रालयाच्या अधिसूचनेने जमिनीवरील खाणकामात स्त्रियांना रात्रपाळी आणि जमिनीखाली तांत्रिक, देखरेखीचे व व्यवस्थापनाचे दिवसाचे काम खुले केले. २०२१ मध्ये झारखंडमधील चुरी येथील भूमिगत कोळसा खाणीत आकांक्षा कुमारी या खाण-अभियंत्या रुजू झाल्या, त्या याच सवलतीमुळे. अधिसूचनेत अटी दोन महत्त्वाच्या होत्या. स्त्रीची लेखी संमती हवी, आणि एका पाळीत किमान तीन स्त्रिया एकत्र हव्यात.

दुसरी अट वरवर पाहता शहाणपणाची आहे. पण समुद्रावरील प्लॅटफॉर्मचा विचार केला म्हणजे तिची दुसरी बाजू दिसते. एखाद्या प्लॅटफॉर्मवर रसायनतज्ज्ञ म्हणून एक आणि सुरक्षा अधिकारी म्हणून दुसरी अशा दोनच स्त्रिया असतील, तर रात्रपाळी दोघींनाही बंद. तिसरी यायची तर पहिल्या दोघी टिकायला हव्यात; पहिल्या दोघी टिकायच्या तर त्यांना पुरुष सहकाऱ्यांप्रमाणे पूर्ण काम मिळायला हवे. रात्रपाळी चुकवणारी म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवले जाऊ लागले की त्या किनाऱ्यावर बदली मागतात आणि तिघींचा हिशेब कधीच जमत नाही. रक्षणासाठी घातलेले कुंपण असे नकळत बंदीचे होऊन बसते. नियम करणाऱ्यांनी एकेका प्लॅटफॉर्मवरील स्त्रियांची संख्या मोजली असती तर अट अशी घातली असती, की तिघी मिळत नसतील तेथे तिघींची भरती करण्याची जबाबदारी व्यवस्थापनाची राहील.

संमतीचेही तसेच. संमती मागणे योग्य आहे, परंतु नोकरीच्या पहिल्या वर्षी उमेदवारी करणारी मुलगी नाही म्हणू शकेल काय? आणि नाही म्हटल्यास पुढच्या गोपनीय अहवालात ते कसे उमटेल? कंत्राटदाराकडे रोजंदारीवर असलेल्या स्त्रीच्या बाबतीत तर संमती हा शब्द उच्चारणेही धाडसाचे आहे.

तथापि कायदा हा या प्रश्नाचा लहान भाग आहे. मोठा भाग पनवेल, खारघर, नेरूळच्या घरांत आहे. समुद्रावरच्या या नोकरीचे स्वरूप गेली पन्नास वर्षे एका गृहीतावर उभे आहे, आणि ते गृहीत कोणत्याही करारात लिहिलेले नाही. पुरुष चौदा दिवस नाहीसा होतो, तेव्हा घरी कोणीतरी असते. मुलाला ताप आला, सासऱ्यांना दवाखान्यात न्यायचे झाले, शाळेने पालकांना बोलावले, गॅस संपला, नळाला पाणी आले नाही, तर जे काही करावे लागते ते ती करते. महामंडळ पगार एकाला देते आणि काम दोघांकडून करून घेते. हे काही तेलाच्या शोधाबरोबर जन्माला आले असे नव्हे. गिरणगावातला चाकरमानी मुंबईत साचा चालवीत असे तेव्हा कोकणातले घर, शेत आणि म्हातारी माणसे त्याची बायकोच सांभाळीत होती. मनिऑर्डर येत असे म्हणून तिच्या कष्टाची गणती कोणी केली नाही. हेलिकॉप्टर आले, पगार वाढला, मनिऑर्डरची जागा बँकेच्या खात्याने घेतली. मांडणी तीच राहिली.

आता या मांडणीत स्त्री हेलिकॉप्टरमध्ये बसते. तिच्या घरी मात्र ‘बायको’ नसते. नवरा असतो, आणि तो स्वतः रोज सकाळी ठाणे-बेलापूर पट्ट्यात किंवा फोर्टात नोकरीला जातो. सासू असते, पण तिच्या मनात सून चौदा रात्री परपुरुषांच्या वस्तीत राहते हा काटा असतो. नवऱ्याने चौदा दिवस घर सांभाळले तर शेजारी त्याची स्तुती करतात; तिने वर्षानुवर्षे सांभाळले तरी कोणी बोलत नाही. आणि चौदा दिवसांनी ती परत येते तेव्हा पुरुषाप्रमाणे विश्रांतीला येत नाही. साठून राहिलेले घर तिची वाट पाहत असते.

एवढे असूनही ही नोकरी स्त्रीला सर्वस्वी प्रतिकूल आहे असे म्हणणे चुकीचे ठरेल. नवी मुंबईहून दक्षिण मुंबईत रोज जा-ये करणारी कारकून किंवा शिक्षिका दिवसाचे तीन-चार तास लोकलमध्ये घालवते. तिला आपले मूल जागे असताना पाहायला मिळते ते रविवारी. समुद्रावर जाणाऱ्या स्त्रीला महिन्यातून चौदा सलग दिवस मिळतात. अभ्यास, मूल, आई-वडील यांपैकी कशासाठीही सलग वेळ देता येणे ही मध्यमवर्गीय नोकरदार स्त्रीच्या आयुष्यातील दुर्मिळ गोष्ट आहे. पगारावर समुद्रकामाचा भत्ता मिळतो. शिवाय महामंडळातील पदवीधर अभियंते व भूवैज्ञानिक यांची भरती बहुतांशी स्पर्धा परीक्षेच्या गुणांवर होते, तेथे ओळखीपाळखीला वाव थोडा. गणितात हुशार असलेल्या मुलीला ही वाट मोकळी आहे, आणि तिने ती का सोडावी याचे समाधानकारक उत्तर कोणी दिलेले नाही.

धोक्याचे कारण दिले जाते. धोका आहेच. ११ ऑगस्ट २००३ च्या हेलिकॉप्टर अपघातात २७ जण गेले. २७ जुलै २००५ रोजी मुंबई हाय उत्तर येथील प्लॅटफॉर्म जळून २२ जण गेले. मे २०२१ मधील तौक्ते वादळात पी-३०५ बार्ज आणि वरप्रदा ही टग बुडून ऐंशीहून अधिक माणसे प्राणास मुकली. जून २०२२ मध्ये पुन्हा एक हेलिकॉप्टर समुद्रात कोसळले आणि चार जण दगावले. या घटनांपासून जो धडा घ्यायचा तो वादळाचा इशारा ऐकण्याचा आणि यंत्रे नीट ठेवण्याचा. बुडणारे पाणी स्त्री-पुरुष भेद करीत नाही. फरक पडतो तो भलत्याच ठिकाणी. जीवरक्षक जॅकेट, डांगरी, बूट, हातमोजे ही सारी सामग्री जगभर पुरुषी मापावर बेतलेली असते, आणि दोन मापे मोठे बूट घालून ओल्या लोखंडी जिन्यावरून चढणारी स्त्री आपल्या दोषाने घसरत नाही.

खरा प्रश्न दरवाजाच्या कडीचा आहे. येथे पश्चिम ऑस्ट्रेलियाचा अनुभव डोळे उघडणारा आहे. तेथील विमानाने जा-ये करणाऱ्या खाणकामगारांच्या छावण्यांत स्त्रियांचा जो लैंगिक छळ होतो, त्याची चौकशी राज्याच्या विधानसभेच्या समितीने केली आणि जून २०२२ मध्ये अहवाल सादर केला. त्याचे शीर्षकच ‘आता पुरे’ अशा अर्थाचे होते. त्याच वर्षी फेब्रुवारीत रिओ टिंटो या बलाढ्य खाणकंपनीने स्वतःच करवून घेतलेल्या पाहणीचा निष्कर्ष प्रसिद्ध केला होता. तीत भाग घेतलेल्या स्त्रियांपैकी सुमारे २८ टक्के स्त्रियांनी कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ झाल्याचे सांगितले. २१ स्त्रियांनी गेल्या पाच वर्षांत बलात्कार, तसा प्रयत्न किंवा लैंगिक हल्ला अनुभवल्याचे नोंदविले. हा सुबत्तेचा, सुशिक्षितांचा आणि कडक कायद्यांचा देश आहे, हे लक्षात ठेवावयास हवे.

असे का व्हावे? कारण छावणीत नोकरी आणि घर यांमधली भिंत नाहीशी होते. कार्यालयात त्रास देणाऱ्यापासून स्त्री संध्याकाळी सुटते. छावणीत तोच माणूस भोजनगृहात समोर बसतो, तोच कॉरिडॉरमध्ये भेटतो, आणि त्याच्याच सहीने तिची पुढची फेरी ठरते. विधानसभेच्या समितीला असेही आढळले की तक्रार केली तर नोकरी जाईल या भीतीने स्त्रिया गप्प राहतात, कंत्राटी स्त्रिया तर विशेषच. आणि दोषी माणूस एका खाणीवरून निघून दुसरीवर रुजू होतो. ऑस्ट्रेलियातील छावण्यांत मद्याचाही मोठा हात होता. आपल्या प्लॅटफॉर्मवर मद्याला बंदी आहे, ही जमेची बाजू. पण तेथून रागाने उठून निघून जाण्यासाठी रस्ताही नाही. हेलिकॉप्टर ठरल्या दिवशीच येते, आणि पावसाळ्यात ते ठरल्या दिवशीही येत नाही.

भारतात २०१३ चा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा आहे व त्यातील कामाच्या जागेची व्याख्या व्यापक आहे. मालकाने पुरविलेले वाहनही तीत येते, कंत्राटी स्त्रीही संरक्षणास पात्र ठरते. अंतर्गत समितीने नव्वद दिवसांत चौकशी पुरी करावी, असे बंधन आहे. हे सारे कागदावर चोख आहे. परंतु एका प्लॅटफॉर्मवर महामंडळाचे कर्मचारी, वेधनाचा ठेकेदार, स्वयंपाकाचा ठेकेदार, दुरुस्तीचा उपठेकेदार अशी चार-पाच मालकांची माणसे एका छपराखाली नांदत असतात. स्वयंपाकाच्या ठेकेदाराकडील स्त्रीला दुरुस्तीच्या ठेकेदाराकडील माणसाने त्रास दिला तर ती जाणार कोणाकडे? तिच्या मालकाची समिती, असलीच तर, किनाऱ्यावर असते आणि त्या मालकाला पुढचे कंत्राट मिळवायचे असते. समितीला वर्षाकाठी आलेल्या तक्रारींची संख्या कंपनीच्या अहवालात द्यावी लागते हे खरे, पण त्या आकड्यात समुद्रावरच्या तक्रारी किती आणि वांद्र्याच्या कार्यालयातल्या किती, हे वेगळे करण्याचे बंधन नाही. ते घालावयास काहीच हरकत नसावी. ज्या प्लॅटफॉर्मवर वर्षानुवर्षे एकही तक्रार नाही, तेथे एकही स्त्री नाही की एकही तक्रार करण्याची सोय नाही, हे तरी निदान कळेल.

जहाजांवरील अनुभव जवळचा आहे. ६ मार्च २०२१ रोजी न्हावा-शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातून ‘स्वर्ण कृष्णा’ हे भारतीय नौवहन महामंडळाचे जहाज निघाले, तेव्हा त्यावरचे सर्व अधिकारी स्त्रिया होत्या. बंगालच्या उपसागरात २०१५ मध्ये सात कोळ्यांना वाचविणाऱ्या कॅप्टन राधिका मेनन यांना आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने शौर्याचा पुरस्कार दिला. कर्तृत्वाबद्दल आता शंका राहू नये. पण २०२१ च्या जागतिक पाहणीत प्रमाणपत्रधारक खलाशी व अधिकारी मिळून स्त्रिया अवघ्या १.२८ टक्के भरल्या. सर्व स्त्री अधिकाऱ्यांचे जहाज एकदा मिरवून नेणे सोपे. बावीस पुरुषांच्या जहाजावर एकटी स्त्री नऊ महिने निर्धास्त झोपू शकेल अशी व्यवस्था करणे अवघड.

मातृत्वाच्या प्रश्नाला तर अद्याप कोणी हातच घातलेला नाही. २०१७ च्या दुरुस्तीने सव्वीस आठवड्यांची रजा दिली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचे केले. समुद्रावर पाळणाघर कोठे बांधणार? रजा संपताच सहा महिन्यांच्या मुलाला सोडून चौदा रात्री जाणे बहुतेक आयांना शक्य नसते. मग ती पनवेलच्या किंवा वांद्र्याच्या कार्यालयात बदली मागते, सहानुभूतीने ती मिळतेही. त्या सहानुभूतीची किंमत दहा वर्षांनी कळते. उत्पादन आणि वेधन या विभागांत बढतीची शिडी विहिरीवरूनच जाते. अलका मित्तल यांच्याकडे जानेवारी २०२२ मध्ये महामंडळाच्या अध्यक्षपदाची सूत्रे आली आणि एक इतिहास घडला. त्या मनुष्यबळ विभागातून वर आल्या होत्या. पुढील वर्षी सुषमा रावत समन्वेषण विभागाच्या संचालक झाल्या. या गोष्टी आनंदाच्या आहेत. तथापि प्लॅटफॉर्मची प्रमुख म्हणून दहा वर्षे काढलेली स्त्री त्या खुर्चीत बसेल तेव्हाच शिडीच्या सर्व पायऱ्या शाबूत आहेत असे म्हणता येईल. नॉर्वेच्या समुद्रात दोन आठवडे काम व चार आठवडे घरी, असा क्रम आहे. मूल लहान असेपर्यंत तेवढी सवलत आई आणि बाप दोघांनाही देणे, आणि त्या काळातील किनाऱ्यावरचे काम बढतीसाठी पूर्ण धरणे, हे महामंडळाला परवडणार नाही असे नाही. बापालाही सवलत देणे आवश्यक आहे, कारण ती केवळ आईला दिली तर पुन्हा आईच मागे राहील.

नव्या संहितेखाली रात्रपाळीच्या अटी ठरविण्याचे अधिकार शासनाकडे आहेत. त्या कशा लिहिल्या जातात यावर पुष्कळ अवलंबून राहील. आतून कडी लागणारी आणि बाहेरून चावी न चालणारी खोली, प्रत्येक मालकाच्या माणसाला बांधील असणारी एकच तक्रार समिती, तक्रार झाल्यास तक्रारदार स्त्रीला नव्हे तर आरोपीला पुढच्या हेलिकॉप्टरने परत आणण्याचा नियम, आणि बुटांची योग्य मापे, या गोष्टींना काही फार खर्च येत नाही. तोवर पनवेल-खारघरच्या ज्या मुली यंदा परीक्षा देऊन या नोकरीत शिरतील, त्यांनी संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. आपल्या पाळीत दुसरी आणि तिसरी स्त्री कोण? रात्री दोन वाजता फोन कोणाला करायचा, आणि तो फोन उचलणारा माणूस कोणाचा पगार घेतो? रजेवरून परतल्यावर आपली जागा कोठे असेल? आणि घरी, आपण नसू त्या चौदा दिवसांत, डबा कोण करणार? शेवटचा प्रश्न महामंडळाला विचारायचा नाही. पण तो आधी विचारावा.